शंका-समाधान : मोनाझाइट किती तापमानाला टिकते?

समुद्रकाठच्या जड वाळूविषयी लिहिताना मोनाझाइटचा, म्हणजे विरल मृत्तिकांच्या फॉस्फेट खनिजाचा, ओझरता उल्लेख या सदरात आला होता. त्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख वाळूपेक्षा त्या खनिजाच्या अंतर्रचनेवर आणि उष्णता सोसण्याच्या त्याच्या क्षमतेवर आहे. म्हणून या वेळचे सदर विरल मृत्तिकांच्या फॉस्फेटांसाठी राखून ठेवले आहे. वर्तमानपत्रांत ज्यांना ‘रेअर अर्थ’ म्हणतात ती ही मूलद्रव्ये, म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला इट्रियम व स्कँडियम. ती मृत्तिका नाहीत आणि सगळी विरळही नाहीत, कारण सेरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. परंतु नाव रुळलेले असल्याने तेच वापरतो. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ही मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी आहेत की ती एकमेकांपासून वेगळी करायला रसायनज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली, असे आम्हांला शिकवले जाते. मग त्यांच्या फॉस्फेटांच्या स्फटिकरचना दोन का, आणि त्यांच्यातील सीमा गॅडोलिनियमपाशीच का पडते? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सारखेपणा खरा आहे, पण तो मुख्यतः संयुजेचा आहे, आकार मात्र प्रत्येक पायरीला थोडा थोडा बदलतो. लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना केंद्रकावरील धन भार एकेकाने वाढतो. नव्याने भरती होणारे एफ-इलेक्ट्रॉन तो भार पुरेसा झाकू शकत नाहीत, आणि त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन अधिकाधिक आत खेचले जाऊन आयन आक्रसतो. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२५ मध्ये या प्रकाराला ‘लँथॅनाइड आकुंचन’ हे नाव दिले. भोवती आठ ऑक्सिजन आहेत असे धरून मोजल्यास त्रिसंयुजी लँथॅनमची त्रिज्या सुमारे १.१६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) आणि ल्युटेशियमची सुमारे ०.९८ अँगस्ट्रॉम भरते. म्हणजे चौदा पायऱ्यांत मिळून फरक पडतो तो जेमतेम सोळा टक्क्यांचा.

आता स्फटिकाकडे वळू. या फॉस्फेटांत प्रत्येक फॉस्फरस चार ऑक्सिजनांच्या मधोमध बसून एक लहान, घट्ट चतुष्फलक तयार करतो. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यातील अंतर दीड अँगस्ट्रॉमच्या जवळपास असते आणि ते या सबंध मालिकेत फारसे बदलत नाही. हे चतुष्फलक एकमेकांना स्पर्श करत नाहीत. त्यांच्या मधल्या जागांत विरल मृत्तिकेचे आयन बसतात आणि एक चतुष्फलक, एक आयन, पुन्हा एक चतुष्फलक अशा साखळ्या एका अक्षाच्या दिशेने सरळ जातात. दोन्ही रचनांत इथवर काहीच फरक नाही. फरक पडतो तो आयनाभोवती किती ऑक्सिजन मावतात यात. चौरंग मोठा असेल तर त्याभोवती नऊ जण बसू शकतात, थोडा लहान झाला की आठच. लँथॅनम ते गॅडोलिनियम या मोठ्या आयनांभोवती नऊ ऑक्सिजन बसतात, पण त्यांची अंतरे सारखी राहत नाहीत. साखळ्या किंचित सरकतात, सममिती घसरते आणि स्फटिक एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष कललेला, होतो. ही मोनाझाइटची रचना. टर्बियमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या लहान आयनांभोवती आठ ऑक्सिजन, चार जवळचे आणि चार थोडे लांबचे, नेटकेपणाने बसतात आणि स्फटिक चतुष्कोणीय राहतो. ही झेनोटाइमची, म्हणजे इट्रियम फॉस्फेटाच्या खनिजाची, रचना असून झिर्कॉन या सिलिकेट खनिजाचीही रचना हुबेहूब तीच आहे. इट्रियम लँथॅनाइड नसूनही झेनोटाइमच्या गटात का येते, हेही यावरून कळते. त्याची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, म्हणजे डिस्प्रोशियम आणि होल्मियम यांच्या बरोबर मधली आहे.

सीमा गॅडोलिनियमपाशी पडते यामागे त्या मूलद्रव्याचा स्वतःचा काही विशेष गुण नाही. दोन रचनांच्या ऊर्जांचे आलेख तिथे एकमेकांना छेदतात, एवढेच. छेदबिंदूच्या आसपास दोन्ही ऊर्जा जवळजवळ सारख्या असल्यामुळे तिथली संयुगे द्विधा वागतात. टर्बियम आणि डिस्प्रोशियम यांची फॉस्फेटे कमी तापमानाला विशिष्ट रीतीने साक्याच्या रूपात तयार केली तर मोनाझाइट रूपातही मिळवता येतात, पण ती अर्धस्थिर, म्हणजे तात्पुरती टिकणारी, असतात आणि तापवल्यावर झेनोटाइमकडे परततात. उलट झेनोटाइमवर प्रचंड दाब दिला तर मोनाझाइट तयार होते, कारण नऊ शेजाऱ्यांची मांडणी अधिक दाट असते. पाठ्यपुस्तकातील रेघ ही अशी पुसट रेघ आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

निसर्गात या पुसटपणाचा एक उपयोगही होतो. एकाच खडकात मोनाझाइट आणि झेनोटाइम शेजारी शेजारी वाढले असतील, तर मोनाझाइट थोडे इट्रियम आपल्यात सामावून घेते आणि तापमान जितके जास्त तितके ते अधिक सामावते. त्यामुळे मोनाझाइटातील इट्रियमचे प्रमाण मोजून तो खडक किती तापला होता याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधू शकतात.

प्रश्न : प्रयोगशाळेत लँथॅनम नायट्रेटच्या द्रावणात फॉस्फोरिक आम्ल घालून मिळालेला पांढरा साका वाळवला आणि तापवला. अडीचशे अंशांपर्यंत वजन सात टक्क्यांनी घटले, म्हणून रेणूमागे एक पाणी धरले. परंतु वजन घटणे थांबल्यानंतरही क्ष-किरण विवर्तनाचा आलेख मोनाझाइटचा नव्हता. तो सातशे अंशांनंतर तसा झाला. मधल्या काळात ते काय होते? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या हाती आलेला साका मोनाझाइट नसून रॅब्डोफेन आहे. पाण्यातून कमी तापमानाला साका पाडला की हलक्या विरल मृत्तिकांची फॉस्फेटे बहुधा याच सजल रूपात उतरतात. चतुष्फलक आणि आयन यांच्या साखळ्या इथेही असतात, मात्र त्या अशा रचलेल्या असतात की त्यांच्यामध्ये सरळ बोगदे राहतात आणि त्या बोगद्यांत पाणी असते. सेरियम फॉस्फेटाच्या या रूपाची रचना रोझ मूनी यांनी १९५० मध्ये षट्कोणीय म्हणून मांडली आणि पुढची सहा दशके तीच प्रमाण मानली गेली. पाण्याचे प्रमाण मात्र कोणी अर्धा रेणू सांगे, कोणी एक. २०१० नंतरच्या दशकात सिंक्रोट्रॉन या कणत्वरकातील प्रखर क्ष-किरणांनी केलेल्या बारीक अभ्यासातून ही रचना वस्तुतः एकनताक्ष असल्याचे आणि दर तीन फॉस्फेटांमागे दोन पाणी असल्याचे दिसले.

हे प्रमाण धरून गणित केले, तर लँथॅनमच्या रॅब्डोफेनचे वजन पाणी गेल्यावर ४.९ टक्क्यांनी घटायला हवे. पूर्ण एक रेणू पाणी असते तर घट ७.२ टक्के आली असती, आणि आपली सात टक्के ही संख्या त्याच्या इतकी जवळ आहे की आपला समज होणे स्वाभाविक होते. परंतु अशा बारीक कणांच्या पृष्ठभागावर चिकटलेले पाणी पुष्कळ असते. दीडशे अंशांपर्यंतची घट आणि त्यानंतरची घट आलेखावर वेगळी करून पाहावी; नमुना तापवण्यापूर्वी ज्ञात आर्द्रतेच्या हवेत काही काळ ठेवला तर हा भेद अधिक स्पष्ट होईल.

पाणी निघून गेल्यावर बोगदे लगेच कोसळत नाहीत. रिकाम्या वाड्याच्या भिंती काही काळ उभ्या राहाव्यात तशी ती निर्जल रचना टिकून राहते आणि नमुना थंड केला तर हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेते. पुढे तापमान इतके चढते की साखळ्या सरकून नवव्या ऑक्सिजनला जागा करून देऊ शकतात, आणि तेव्हा मोनाझाइट बनते. मूलद्रव्य, कणांचा आकार आणि तापवण्याचा वेग यांनुसार हे ५०० ते ९०० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान कुठेही घडू शकते. आपले सातशे अंश त्यात व्यवस्थित बसतात. हा बदल होताना उष्णता बाहेर पडते आणि तो उलटत नाही. रॅब्डोफेन हे मुळात अर्धस्थिर रूप होते, याचाच हा पुरावा आहे. तसे पाहता या बदलाला एवढ्या उष्णतेची गरजही नसते. तोच साका पाण्यासह बंद पात्रात दीडशे ते दोनशे अंशांवर ठेवला तर पाण्याच्या मध्यस्थीने विरघळणे आणि पुन्हा स्फटिकणे चालू राहते आणि थेट मोनाझाइट हाती येते. कोरड्या भट्टीत लागणारे सातशे अंश हे स्थैर्याचे मोजमाप नसून अडथळा ओलांडण्याची किंमत आहे.

आपण पुढे इट्रियम किंवा अर्बियम घेणार असाल तर एक सूचना. त्यांच्याकडून रॅब्डोफेनची अपेक्षा करू नये. ती चर्चाइट नावाच्या, जिप्समसारखी रचना असलेल्या आणि रेणूमागे दोन पाणी धरणाऱ्या रूपात उतरतात. इट्रियमच्या बाबतीत वजनातील घट १६.४ टक्के येते आणि मागे उरते ते झेनोटाइम.

प्रश्न : ‘झेनोटाइम’ या नावाचा अर्थ काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ग्रीकमध्ये ‘झेनोस’ म्हणजे परका, आणि त्यावरून अनेकजण भलतीच व्युत्पत्ती सांगतात. मूळ शब्द ‘केनोस’, म्हणजे पोकळ, आणि ‘तिमे’, म्हणजे मान, असे होते. स्वीडनचे रसायनज्ञ बर्झेलियस यांनी १८१५ मध्ये या खनिजात नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर करून त्याला ‘थोरियम’ हे नाव देऊन टाकले होते. नंतर ते साधे इट्रियम फॉस्फेट निघाले. फ्रान्सचे खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ यांनी १८३२ मध्ये खनिजाचे नाव ठेवताना या ‘पोकळ माना’वर बोट ठेवले, पण छपाईत अक्षर बदलले आणि चूक कायम झाली. बर्झेलियस यांनी दरम्यान खरे थोरियम शोधून तेच नाव त्याला दिले होते, तेव्हा टोमणा तसा उशिराच आला. मोनाझाइटचे नाव मात्र सरळ आहे. हे स्फटिक एकेकटे सापडतात, म्हणून ‘एकटे असणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून जर्मन खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्ट यांनी १८२९ मध्ये ते दिले.

प्रश्न : लँथॅनम फॉस्फेटचा वितळबिंदू दोन हजार अंशांच्या वर असल्याचे वाचून आम्ही त्याच्या वड्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) तबकडीवर ठेवून भाजल्या. चौदाशे अंशांवर वड्या फुगल्या आणि तबकडीला चिकटल्या. मग हा पदार्थ उष्णतारोधक कसा म्हणायचा? (सिरॅमिक व्यवसायातील अभियंता, ठाणे)

उत्तर : आपल्या अनुभवावरून पदार्थाला दोष देण्यापूर्वी वड्यांमध्ये लँथॅनम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण नेमके एकास एक होते का, हे तपासणे आवश्यक आहे. माझा कयास असा की ते नव्हते.

लँथॅनम फॉस्फेटचा मोजलेला वितळबिंदू २०७० अंश सेल्सिअसच्या आसपास, सेरियमचा २०४५च्या आसपास आणि इट्रियमचा २०००च्या किंचित खाली आहे. या आकड्यांमध्ये वीस-एक अंशांची अनिश्चितता आहे, पण चित्र स्पष्ट आहे. शिवाय मोनाझाइट आणि झेनोटाइम खोलीच्या तापमानापासून वितळण्यापर्यंत आपली रचना बदलत नाहीत, ही त्यांची खरी जमेची बाजू. झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) तापताना आणि निवताना रूप पालटते आणि तडकते. ते टिकवण्यासाठी त्यात इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) मिसळावे लागते. इथे तशी भानगड नाही.

परंतु हे सर्व शुद्ध ऑर्थोफॉस्फेटाविषयी, म्हणजे एकास एक प्रमाणाच्या फॉस्फेटाविषयी, झाले. साका पाडताना कणांच्या पृष्ठभागावर जास्तीचा फॉस्फेट चिकटून राहतो आणि नुसत्या धुण्याने तो सहज जात नाही. तापवल्यावर या जास्तीच्या फॉस्फेटातून लँथॅनम मेटाफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस अधिक असलेले संयुग, तयार होते, आणि ते बाराशे-साडेबाराशे अंशांच्या दरम्यानच वितळते. कणांच्या सीमांवर असा द्रव पाझरला की कण भराभर मोठे होतात. तापमान आणखी चढले की हेच मेटाफॉस्फेट विघटन पावून फॉस्फरस ऑक्साइडची वाफ सोडते. त्या वेळी वडी दाट झालेली असेल आणि छिद्रे बुजलेली असतील, तर वाफेला वाट मिळत नाही आणि वडी फुगते. आपण पाहिले ते बहुधा हेच. तबकडीला चिकटण्याचे कारणही तेच आहे, कारण मोकळ्या फॉस्फेटाची ॲल्युमिनाशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम फॉस्फेट बनते. चूक विरुद्ध दिशेने झाली, म्हणजे लँथॅनम जास्त झाले, तर ॲल्युमिनाबरोबर लँथॅनम ॲल्युमिनेट तयार होते. प्रमाण अचूक एकास एक ठेवले तर मात्र सोळाशे अंशांवरदेखील लँथॅनम फॉस्फेट आणि ॲल्युमिना एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत.

अमेरिकेतील मॉर्गन आणि मार्शल यांनी १९९५ मध्ये नेमक्या याच अलिप्ततेचा उपयोग दाखवून दिला. ॲल्युमिनाचे तंतू ॲल्युमिनातच बसवले तर भाजताना ते एकजीव होतात आणि पडलेली चीर तंतूंना छेदत सरळ पार जाते. तंतूंवर लँथॅनम फॉस्फेटचा पातळ लेप दिला तर बंध दुबळा राहतो, चीर लेपाशी येऊन वळते, तंतू अखंड राहतो आणि तुकडा एकदम फुटत नाही. येथे दुबळेपणा हाच गुण ठरला आहे, हे मला या विषयातील सर्वांत रसाळ प्रकरण वाटते. याच दुबळेपणामुळे लँथॅनम फॉस्फेटचा भाजलेला ठोकळा टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांनी कातता आणि भोके पाडून वापरता येतो, जे भाजलेल्या ॲल्युमिनाच्या बाबतीत हिऱ्याच्या हत्यारांशिवाय जमत नाही. औष्णिक प्रसरणाच्या बाबतीतही मोनाझाइट ॲल्युमिनाच्या बऱ्यापैकी जवळ आहे. अंशामागे दहा लाखांत सुमारे दहा भाग, तर ॲल्युमिना आठ ते नऊ. झेनोटाइम मात्र सहाच्या आसपास राहते, म्हणून सिलिकॉन कार्बाइडवर लेप द्यायचा असेल तर त्याचा विचार आधी होतो. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लँथॅनम फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांवर आणि लेपांवर बरेच काम झाले आहे, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लाझ्मा-फवारणीने असे लेप देण्याचे प्रयोग झाले आहेत.

आपल्यासाठी व्यावहारिक उपाय असा. भाजण्यापूर्वी चूर्णाचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे आणि फॉस्फेट जास्त आढळल्यास हिशेबाने लँथॅनमचे क्षार मिसळून प्रमाण सुधारावे. हजार अंशांच्या आसपास सच्छिद्र अवस्थेत काही तास थांबवल्यास चिकटलेले बाकीचे घटक निघून जाण्यास मदत होते. आणि भट्टीत ग्रॅफाइट किंवा हायड्रोजन असेल तर वरचे सर्व आकडे विसरावेत. कार्बनच्या सान्निध्यात अकराशे-बाराशे अंशांनंतर फॉस्फेटातील फॉस्फरसच क्षपित होऊन उडून जाऊ लागतो. दोन हजार अंशांचा वितळबिंदू हवेतील, शुद्ध, एकट्या पदार्थाचा असतो. भट्टीत पदार्थ एकटा कधीच नसतो.

प्रश्न : सेरियमचे बहुतेक क्षार हवेत तापवले की फिकट पिवळा, चतुःसंयुजी सेरियम ऑक्साइड मिळतो. सेरियम फॉस्फेटाचे असे का होत नाही? (रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, कोल्हापूर)

उत्तर : नायट्रेट, कार्बोनेट किंवा ऑक्झॅलेट तापवले की त्यांतील ऋण भाग वायू होऊन निघून जातो आणि सेरियमला ऑक्सिजनशिवाय सोबती उरत नाही. फॉस्फेट गट असा पळून जात नाही. त्रिसंयुजी सेरियमला फॉस्फेटाबरोबर मोनाझाइटच्या रचनेत मिळणारे स्थैर्य इतके मोठे असते की ते मोडून ऑक्साइड आणि फॉस्फरस ऑक्साइड वेगळे करणे ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचे ठरते. लँथॅनम फॉस्फेट त्याच्या दोन ऑक्साइडांपासून बनताना मोलमागे सुमारे ३२० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि सेरियमचा आकडा त्याच्या अगदी लगत आहे; ल्युटेशियमकडे जाताना तो बराच कमी होतो. घरात जुनी सीएफएल किंवा बारीक नळीची ट्यूबलाइट असेल, तर तिच्या काचेच्या आतील पांढऱ्या चूर्णात बहुधा हेच संयुग असते. सेरियम आणि टर्बियम मिसळलेले लँथॅनम फॉस्फेट पाऱ्याच्या वाफेतील अतिनील किरण शोषून ५४५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश देते, आणि त्यासाठी सेरियम त्रिसंयुजीच राहणे अत्यावश्यक असते.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. तीत मोनाझाइट असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : असण्याची शक्यता फार कमी आहे. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असून ती दख्खनच्या बेसाल्टातून आणि त्यावरील जांभ्यातून झिजून आलेली आहे. बेसाल्टात मोनाझाइट तयार होण्याजोगी परिस्थिती नसते. ते ग्रॅनाइटमध्ये आणि खोलवर तापून बदललेल्या प्राचीन खडकांत वाढते, म्हणून केरळ, तमिळनाडूचे दक्षिण टोक, आंध्र आणि ओडिशा येथील किनाऱ्यांवर त्याचे साठे आहेत. दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोवा येथे जुने नीस खडक उघडे पडलेले असल्याने तिथे तुरळक दाणे मिळाले तर नवल नाही. इल्मेनाइटचा दाणा काळा आणि अपारदर्शक असतो. मोनाझाइटचा मधासारखा पिवळा ते तांबूस तपकिरी.

केरळमधील मोनाझाइट उजेडात आले त्याची हकीकत किनारपट्टीच्या वाचकांना आवडेल. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला १९०९ मध्ये ते पिवळे दाणे दिसले. त्या वेळी त्यांचे मोल होते ते त्यांतील थोरियममुळे, कारण गॅसबत्तीची जाळी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड यांची बनत असे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्त्यांचा पांढराशुभ्र प्रकाश ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्या जाळीतून मोनाझाइटचे फळच पाहिले आहे.

प्रश्न : मोनाझाइटात थोरियम आणि युरेनियम असते. त्यांच्या किरणोत्साराने झिर्कॉनचे स्फटिक हळूहळू काचेसारखे अस्फटिक होतात, असे वाचले. मग तितकाच मारा सोसून मोनाझाइट स्फटिक कसे राहते? आणि तसे असेल तर अणुकचरा त्यातच का बंदिस्त करत नाहीत? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : तितकाच नव्हे, पुष्कळदा अधिक मारा. केरळच्या मोनाझाइटात थोरियम ऑक्साइड आठ-नऊ टक्के आणि थोडे युरेनियमही असते, तर झिर्कॉनमध्ये ही मूलद्रव्ये सहसा अत्यल्प असतात. थोरियम किंवा युरेनियमच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडताना मागे उरलेल्या जड केंद्रकाला जो धक्का बसतो, तो आसपासचे शेकडो अणू जागचे हलवतो. मोनाझाइटात हे नुकसान होत नाही असे नाही. होते आणि भरून निघते. प्रयोगशाळेत आयनांचा मारा करून पाहिले असता मोनाझाइट काही थोड्याच शे अंशांवर इतक्या वेगाने पूर्ववत होते की ते अस्फटिक करणेच जमत नाही, तर झिर्कॉनला त्यासाठी बरेच चढे तापमान लागते. भूगर्भातील साधी ऊबही मोनाझाइटला पुरते.

याचे श्रेय केवळ रचनेला देता येणार नाही, कारण झेनोटाइमची रचना झिर्कॉनचीच आहे आणि तरीही ते सहसा अस्फटिक होत नाही. सिलिकेटच्या चतुष्फलकांना ऑक्सिजन वाटून घेत एकमेकांत गुंतण्याची खोड असते आणि एकदा गुंता झाला की तो सुटत नाही. या फॉस्फेटांचे चतुष्फलक सुटे राहणे पसंत करतात आणि म्हणून आपल्या जागी परतू शकतात. त्यात मोनाझाइटच्या वेड्यावाकड्या, कमी सममितीच्या रचनेत थोडीफार सरकासरक खपून जाते, हा दुसरा लाभ. थोरियम चतुःसंयुजी असल्याने भाराचा तोल राखण्यासाठी एक तर शेजारी द्विसंयुजी कॅल्शियम येते किंवा फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन बसते. पहिल्या प्रकारच्या खनिजाचे नाव ‘चेरलाइट’ असून ते त्रावणकोरमध्ये सापडले आणि प्राचीन चेर राज्यावरून १९५३ मध्ये ओळखले जाऊ लागले.

या गुणांमुळे अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत लिन बोटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोनाझाइट हे अणुकचऱ्याचे पात्र म्हणून पुढे आणले, आणि कल्पना आजही जिवंत आहे. व्यवहारात मात्र भारतात ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पक्कम येथे हा कचरा बोरोसिलिकेट काचेत बंदिस्त केला जातो. कचऱ्यात डझनावारी मूलद्रव्ये मिसळलेली असतात. काच त्या सर्वांना साधारण हजार अंशांवर एकत्र सामावून घेते, तर स्फटिकातील प्रत्येक जागा आकार आणि भार पाहूनच पाहुण्याला आत घेते. प्लुटोनियम, अमेरिसियम यांसारखी मूलद्रव्ये आधी वेगळी काढली तरच मोनाझाइटचा खरा उपयोग होतो.

प्रश्न : इतके टिकाऊ खनिज असेल, तर कारखान्यात ते फोडतात कसे? (बारावीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : उष्णतेने नव्हे, अल्कलीने. मोनाझाइट बारीक दळून तीव्र कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात साधारण दीडशे अंशांच्या आत-बाहेर, म्हणजे घरातल्या तव्याहूनही कमी तापमानाला, काही तास ढवळत ठेवतात. सोड्यातील सोडियम हे फॉस्फेटाला ओढून घेते, विरल मृत्तिका आणि थोरियम यांची हायड्रॉक्साइडे मागे उरतात, आणि पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात विरल मृत्तिका विरघळवून थोरियम बाजूला केले जाते. तीव्र सल्फ्यूरिक आम्लाबरोबर भाजण्याचीही पद्धत आहे, पण त्यात फॉस्फेट वाया जाते. केरळमध्ये आलुवा येथे इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीचा कारखाना १९५२ पासून सोड्याच्या पद्धतीने चालत आला, आणि त्यातून निघणारे ट्रायसोडियम फॉस्फेट बॉयलरच्या पाण्यात आणि धुण्याच्या चूर्णांत वापरण्यासाठी विकले जाई.